पोरं एआय वापरतातच, मग काय करायचं?

मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, वर्गात पहिल्याच आठवड्यात एआयवर बंदी वगैरे घालू नका, पोरं घरी आईच्या मोबाईलवर वापरतातच. मी काय करतो, वर्गात माझ्याच फोनवर एआयकडून आमच्या गावच्या जत्रेबद्दल चार ओळी लिहून घेतो, फळ्यावर उतरवतो आणि म्हणतो आता चुका काढा. मागच्या वेळी त्यानं जत्रा दिवाळीत भरवली, आमची असते चैत्रात, अख्खा वर्ग खिदळला!! तेव्हापासून 'सर, हे खरंय का' आपोआप येतं.

एआयनं लिहिलेलं पकडणाऱ्या साइट्सवर विसंबून कुणाला चोर ठरवू नका हं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचंच तसलं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्यापेक्षा पोराला जवळ बोलवा, निबंधातला एखादा शब्द विचारा. एकानं 'विलोभनीय' लिहिलेलं, अर्थ विचारला तर खाली बघत बसला. ओरडलो नाही, तोच परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायला लावला, मोडकातोडका आला पण त्यात त्याची म्हैस होती.

आणि हो, एआयमध्ये नाव, शाळा, फोटो टाकायचे नाहीत हे आधीच सांगा. चॅटजीपीटीला वय किमान १३ लागतं, १८ च्या आत पालकांची परवानगी, त्यामुळे पालकसभेत विषय काढाच, पाचवीवाल्यांना तर अकाउंट नकोच.