ओहोटीच्या डबक्यात दिसून लगेच गायब होणारा छोटा मासा कोणता?

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर दिसला असेल तर बहुतेक गोबी गटातला मासा, त्यातही बॅथिगोबियस नावाचा प्रकार. आपल्या निवटीचा नातलग.

तो गायब होत नाही, तिथेच असतो. बोटाएवढं अंग, त्यावर शेवाळी-तपकिरी ठिपके. दगडाला चिकटून बसला की नुसता दगडच. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले असतात, त्यामुळे लाट आली तरी पकड सुटत नाही. पाण्यावर आपली सावली न पाडता दोन मिनिटं गप्प बसा. आधी डोळे हलतात, मग मासा दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. याचाच अटलांटिकमधला भाऊबंद धोका दिसला की एका डबक्यातून थेट शेजारच्या डबक्यात उडी मारतो, तीही पलीकडचं पाणी दिसत नसताना! प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लेस्टर अॅरॉन्सन यांनी १९५१ मध्ये दाखवलं की भरतीच्या वेळी त्या खडकांवरून पोहताना हा मासा खड्ड्यांचा नकाशा पाठ करून ठेवतो. तो नकाशा पुढे कित्येक दिवस त्याच्या लक्षात राहतो. आणि आपण पार्किंगमध्ये गाडी शोधत फिरतो.

पकडून बाटलीत मात्र भरू नका, तेवढ्याशा पाण्यात फार टिकत नाही.