कॉन्फरन्स मोठी झाली, पण किकरची जागा एकच

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचा मुलगा अकरावीत, अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर (पायाने चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू), कॅलिफोर्नियातल्या बे एरियात वाढलेला. पॅक-१२ ही कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेलेल्या एका विद्यापीठाच्या कोचने कॅम्पमध्ये त्याला पाहिलं आणि "तू आमच्या यादीत आहेस" म्हणाला. दुसरीकडे एक छोटं कॉलेज खरोखरची जागा देतंय. कॉन्फरन्स मोठी झाल्यामुळे संधी वाढली का आणि थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या घरातही हाच प्रश्न होता आणि मुलगाही किकरच. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेची नोंदणी, पात्रतेचे सोळा कोअर विषय वगैरे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही.

थेट सांगतो, संधी वाढलेली नाही. किकरसाठी तर ती आक्रसली आहे.

३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं बिग टेनमध्ये जाणार हे जाहीर झालं तेव्हा आमच्याकडच्या फुटबॉलवाल्या पालकांत उत्साह होता. फॉक्स, सीबीएस, एनबीसीवर सामने, सात वर्षांचा सात अब्ज डॉलर्सच्या वरचा करार! पुढच्या वर्षी ऑरेगन आणि वॉशिंग्टननेही बिग टेन गाठली, स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली) एसीसी या आणखी एका कॉन्फरन्समध्ये गेले. २०२४ च्या मोसमात बिग टेनमध्ये अठरा संघ झाले. पण हे सगळे संघ आधीही खेळतच होते, फक्त वेगळ्या कॉन्फरन्समध्ये. मुलांसाठी नवी जागा एकही निर्माण झाली नाही. वाढले ते पैसे, प्रवास आणि कोचवरचं दडपण.

कोच मुलं कुठे शोधतात हे त्यांचे सामने कुठे होतात यावर बरंच ठरतं. नेब्रास्का २०११ मध्ये बिग १२ सोडून बिग टेनमध्ये गेलं, टेक्ससमधले नेहमीचे सामने बंद झाले आणि वर्षानुवर्षं तिथून येणारी मुलं हळूहळू आटली. २०१४ मध्ये बिग टेनने रटगर्स आणि मेरीलँडला घेतलं त्यात टीव्हीचे प्रेक्षक होतेच, पण न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन डीसीच्या आसपासचे खेळाडूही होते. आता मिडवेस्टचे कोच कॅलिफोर्नियात जास्त फिरतात आणि इथली विद्यापीठं पूर्वेकडे डोकावतात. चांगल्या लाइनमनला किंवा रिसीव्हरला याचा फायदा आहे, कारण अशा खेळाडूंची गरज प्रत्येक संघाला दरवर्षी असते. किकर मात्र संघाला साधारण एकच लागतो, तो तीन-चार वर्षं टिकतो आणि बहुतेक ठिकाणी स्कॉलरशिपही एकालाच.

त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. टीव्हीचा एवढा पैसा लागलेला असताना शेवटच्या मिनिटाची फील्ड गोल (खांबांमधून मारायची किक) अठरा वर्षांच्या मुलाच्या भरवशावर सोडायला कोच धजावत नाही. लहान कॉन्फरन्समध्ये तीन मोसम खेळलेला बावीस वर्षांचा किकर त्याला पोर्टलमधून आयता मिळतो. शिवाय २०२६ पासून पोर्टलमध्ये नाव नोंदवायची एकच खिडकी आहे, २ ते १६ जानेवारी. हायस्कूलच्या मुलांचं मुख्य सायनिंग (कॉलेजशी करार) त्याआधी डिसेंबरमध्ये होतं आणि यूसी म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज तर नोव्हेंबरअखेरीस बंद होतात. म्हणजे त्या संघाला तुमच्या मुलाची गरज आहे का हे कोचला नक्की कळेल तेव्हा तुमच्या बऱ्याचशा मुदती उलटून गेलेल्या असतील. वेळापत्रकातली ही फट मला सगळ्यात घातक वाटते, आणि तिच्याबद्दल कोणीही आपणहून सांगत नाही.

आता आमचं. विद्यापीठाचं नाव घेत नाही. मुलाला तिथे 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून जागा देऊ केली होती. म्हणजे स्कॉलरशिप नाही, पण संघात जागा पक्की. हे सगळं फोनवर. मग विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलली, ज्या स्पेशल टीम्स (किकर वगैरेंच्या) कोचने मुलाला निवडलं होतं तो दुसरीकडे गेला, आणि आमचा संबंध उरला तो फुटबॉल विभागाच्या रिक्रूटिंग ऑफिसशी. त्या ऑफिसने आम्हाला शेवटपर्यंत झुलवत ठेवलं. प्रत्येक मेलला एकच उत्तर यायचं: काहीही बदललेलं नाही, भेटू उन्हाळ्यात. खाली सहीच्या जागी संघाचं नवं बोधचिन्ह, नव्या कॉन्फरन्सच्या नावासकट. जागा, रोस्टर (संघाची अधिकृत यादी), नंबर यांतला एकही शब्द कधी लिहिला नाही. आज त्या मेल्स वाचल्या की कळतं, तो शब्द जाणूनबुजून टाळलेला होता.

दरम्यान खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या हाऊस खटल्याचं सेटलमेंट (तडजोड) येत होतं. पूर्वी फुटबॉलला ८५ स्कॉलरशिप्सची मर्यादा असायची, पण वॉक-ऑन धरून संघ एकशेवीसच्या पुढे जायचे. नव्या नियमात स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि संपूर्ण रोस्टर १०५ वर आलं. कापले गेले ते वॉक-ऑन. २०२५ च्या वसंतात आमच्या मुलाचीही जागा गेली आणि हे आम्हाला आम्हीच फोन केल्यावर समजलं. तोवर ज्या दुसऱ्या कॉलेजचा पर्याय होता, त्यानेही वेगळा किकर घेतलेला होता.

६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी सेटलमेंट मंजूर केलं. रोस्टर मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली, आणि ज्या नव्या मुलांना जागेचं आश्वासन दिलेलं होतं, त्यांना १०५ च्या बाहेर धरण्याची सोय त्यात होती. पण त्यांच्या याद्या विद्यापीठांनीच द्यायच्या होत्या. आम्ही त्या ऑफिसकडे धाव घेतली. उत्तर मिळालं की असं आश्वासन दिल्याची आमच्याकडे नोंद नाही. दोन ओळींत बोळवण. मुलाचं ते वर्ष मैदानाबाहेर गेलं. आता तो एका डिव्हिजन थ्री (एनसीएएच्या तिसऱ्या स्तरातल्या) कॉलेजात खेळतो आणि खूश आहे, पण त्या दोन ओळींचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मी वकील नाही आणि नियम दर सहा महिन्यांनी बदलतात, त्यामुळे पुढचं सगळं पडताळून घ्या. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कोचने तुमच्या मुलाला पाहिलं त्यालाच मेल करा आणि सरळ विचारा की आत्ता किती किकर आहेत, कोणाची किती वर्षं उरलीत, जानेवारीत पोर्टलमधून किकर घेणार का, आणि माझा मुलगा १०५ मध्ये आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी 'हो' असं आलं तरच ती ऑफर समजा. "यादीत आहेस" ही ऑफर नव्हे. छोट्या कॉलेजलाही विचारा की त्यांनी हाऊस सेटलमेंट स्वीकारलंय का. डिव्हिजन वनच्या खालच्या थरातल्या अनेकांनी स्वीकारलेलं नाही, त्यांना १०५ ची मर्यादा लागू नाही. हार्वर्ड, येल वगैरेंची आयव्ही लीगही बाहेरच आहे, तिथे खेळाची स्कॉलरशिप मुळातच नसते.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. मुलगा एच-४ वर (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर एनआयएल (खेळाडूचं नाव-चेहरा वापरल्याचे पैसे) किंवा रेव्हेन्यू शेअरच्या (विद्यापीठाच्या कमाईतल्या वाट्याच्या) पैशाला हात लावायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एच-४ वरच्या मुलांना काम करायची परवानगी नसते आणि कॉलेजचा कोच हे सांगणार नाही. व्हिडिओबद्दलही सांगतो: हायस्कूलमध्ये फील्ड गोलला चेंडूखाली दोन इंची ब्लॉक (ठोकळा) चालतो, कॉलेजमध्ये चेंडू जमिनीवरूनच मारावा लागतो. त्यामुळे जमिनीवरून मारलेल्या किक्सच व्हिडिओत सुरुवातीला ठेवा, आणि त्याही कापाकापी न करता, चेंडू खांबांमधून जाईपर्यंत सलग.

तुमच्या जागी मी असतो तर मोठ्या विद्यापीठाला लेखी उत्तरासाठी दोन आठवडे दिले असते. नाही आलं तर छोट्या कॉलेजला हो म्हणा. तिथे अभ्यासक्रम बरा आहे का एवढं मात्र आधी बघा, कारण किक मारणं फार तर चार-पाच वर्षांचं आहे. मेलचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, माझ्याकडे तयार आहे.