पाणथळीची हद्द पाण्यावरून ठरवू नका

पाणथळींच्या पाहणीच्या कामावर नव्याने रुजू झालात की पहिला वाद हद्दीवरूनच होणार. उन्हाळ्यात जागा कोरडीठाक असते आणि समोरचा विचारतो, इथे कुठे पाणथळ? अशा वेळी माती बघा. ऑगरने (माती काढायच्या हातगिरमिटाने) 50 सेंटिमीटरपर्यंत भोक पाडा, निघालेलं ढेकूळ ओलं असतानाच हाताने फोडा. करडी माती आणि मुळांच्या वाटांभोवती गंजासारखे नारिंगी डाग दिसले, तर तिथे पाणी बराच काळ साचत आलंय. साचल्या पाण्यात ऑक्सिजन संपतो, मातीतलं लोह विरघळून सरकतं, आणि हवा पोचते तिथे पुन्हा गंजतं. मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मात्र निचरा केलेल्या जागेतही हे डाग वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून वनस्पती आणि भूजलाची पातळीही नोंदवा. नुसत्या मातीवर अहवाल उभा राहत नाही.

हद्दीनंतर पाण्याची तपासणी. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फक्त दुपारी मोजून 'पाणी उत्तम' असा शेरा मारणं ही नेहमीची चूक. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो वापरतात. मासे तडफडतात ते पहाटे. सूर्योदयाआधी एक आणि दुपारी एक, अशी दोन मापं घ्या, वेळेसकट लिहा. मीटर त्या दिवशी कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण मापाशी जुळवून घेतलेला हवा. पोषकद्रव्यं (नायट्रेट, फॉस्फेट) तपासायचे पाण्याचे नमुने अंधारात, बर्फावर ठेवा.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी बुटांच्या खाचा ब्रशने घासा, बूट पूर्ण वाळू द्या. काही पाणतणांना पसरायला कांडाचा छोटा तुकडाही पुरतो.