बरी झालेली मुलगी आणि दुसऱ्या कॅन्सरची भीती

प्रश्न : माझ्या मुलीला नवव्या वर्षी हॉजकिन लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता. केमोथेरपी आणि छातीवरील रेडिएशननंतर ती बरी झाली. आता ती १७ वर्षांची आहे. त्या उपचारांमुळेच पुढे वेगळा कॅन्सर होऊ शकतो, हे खरे का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : धोका वाढतो हे खरे आहे, परंतु बहुतेक मुलांना असा दुसरा कॅन्सर होत नाही, आणि त्या वेळी उपचार घेण्याचा आपला निर्णय योग्यच होता, याबद्दल मनात किंतु ठेवू नये. काही औषधांमुळे उद्भवणारा रक्ताचा कॅन्सर साधारणतः उपचारांनंतरच्या पहिल्या दहा वर्षांत दिसतो; रेडिएशनमुळे होणाऱ्या गाठी मात्र दहा, वीस वर्षांनीही होऊ शकतात, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत स्तन व मानेतील थायरॉईड ग्रंथी यांकडे विशेष लक्ष हवे. अशा मुलींची स्तनांची वार्षिक एमआरआय तपासणी सहसा २५व्या वर्षापासून सुरू करतात. मानेत गाठ जाणवल्यास डॉक्टरांना दाखवण्यासाठी थांबू नये. विडी कामगारांच्या आपल्या शहरात तंबाखू, मिश्री सहज हाताशी असते; तिने त्यांना शिवूही नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र पाठपुरावा विभाग आहे. औषधांची नावे, मात्रा आणि रेडिएशनचा तपशील असलेली जुनी फाईल मात्र आताच शोधून तिच्या स्वाधीन करावी, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर प्रथम तीच मागेल.