∇ दिसल्यावर काय करायचं

आधी हे पक्कं कर: ∇एफ (एफचा ग्रेडियंट) ही एक संख्या नाही, व्हेक्टर आहे, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण. प्रत्येक चलाचं पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकीची चलं स्थिर धरून त्या एकाच चलाने केलेलं विकलन) त्यात ओळीने बसतं.

एफ = एक्स²·वाय घे. वाय स्थिर धरून एक्सने विकलन केलं की २·एक्स·वाय, एक्स स्थिर धरून वायने केलं की एक्स². म्हणून ∇एफ = (२·एक्स·वाय, एक्स²). (३, २) या बिंदूवर ते होतं (१२, ९). आधी विकलन, मगच किमती! उलट केलंस तर हाती नुसता स्थिरांक उरेल आणि उत्तर शून्य येईल.

आता हा बाण कागदावर काढच. तो एक्स-वाय प्रतलातच राहतो, एफच्या आलेखाच्या पृष्ठभागावर चढत नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. त्याची लांबी १५, म्हणजे त्या बिंदूपाशी वाढीचा सर्वांत मोठा दर. (३/५, ४/५) दिशेशी डॉट प्रॉडक्ट (घटक-घटक गुणून बेरीज) काढ, म्हणजे त्या दिशेतला वाढीचा दर मिळेल: १४.४, जरा कमी. (−३/५, ४/५) दिशेशी थेट शून्य, कारण ती दिशा समोच्च रेषेला (जिच्यावर एफची किंमत बदलत नाही) स्पर्श करते. हे दोन्ही गुणाकार स्वतः करून बघ, नुसतं वाचू नको.

∇ पुढे टिंब दिसलं तर तो डायव्हर्जन्स. ते प्रकरण वेगळं, सध्या राहू दे.