साहेबांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

‘व्हिसा हातात असला तरी तिकडच्या विमानतळावरून परत पाठवतात का हो?’ मुलाबाळांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मला सतत येतो. पाठवू शकतात, हे खरं उत्तर. व्हिसा तुम्हाला दारापर्यंत नेतो. आत घ्यायचं का आणि किती दिवसांसाठी, हे ठरवतो तो विमानतळावरचा अधिकारी. बहुतेकांना दोन-चार प्रश्नांत सोडतात. पण ज्यांचा डोळा लागत नाही, त्यांना ‘बहुतेकांना’ या शब्दाचा काय उपयोग?

अशाच एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांना बाईच म्हणू. यजमान वारलेले, एकुलती मुलगी न्यू जर्सीत. पहिल्या नातीच्या वेळी बाई एकट्याच गेल्या होत्या. आता मुलीला पुन्हा दिवस गेलेले, व्हिसा दहा वर्षांचा, तिकीट काढलेलं, आणि बाईंची झोप उडालेली. तारीख जवळ येईल तसं छातीत धडधड, हाताला घाम, अन्न नको. डॉक्टरांनी ईसीजी काढून पाहिला, सगळं ठीक. मग ही भीती कमी व्हावी म्हणून मुलीने माझ्याकडे पाठवलं.

मागच्या वेळी त्यांना ‘आतल्या खोलीत’ बसवलं होतं. काउंटरवर समाधान झालं नाही की पुढच्या चौकशीसाठी वेगळ्या खोलीत नेतात. तिथे फोन वापरू देत नाहीत, नंबर कधी येईल ते कळत नाही. बाहेर मुलगी-जावई ताटकळलेले. ‘मला चोरासारखं बसवलं हो मॅडम,’ एवढं बोलून बाई गप्प व्हायच्या. का बसवलं, विचारलं की ‘काय माहीत, त्यांची मर्जी.’

जावयाने या खेपेला उत्तरांचे छापील कागद पाठवले होते. ते पाठ करून बाई मला म्हणून दाखवायच्या, मधला एक प्रश्न मागेपुढे झाला की पार अडखळायच्या. ते कागद मी बाजूला ठेवायला सांगितले. जावयाचा हेतू चांगला होता, पण घोकलेलं उत्तर चुकेल ही आणखी एक भीती त्याने सासूबाईंना दिली होती.

मग एकदा आमच्या रिसेप्शनच्या उंच टेबलामागे मी उभी राहिले, बाई समोर फाइल छातीशी धरून. मी भराभर इंग्रजीत विचारलं, कुठे जाणार, कोणाकडे, मग त्याच सुरात, ‘विल यू वर्क हियर?’ बाई मान डोलावून म्हणाल्या, ‘यस मॅडम.’ आणि तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसल्या. मागच्या वेळी हेच झालं होतं. आतल्या खोलीत फोनवरून हिंदी दुभाषी दिल्यावर त्यांना कळलं की आपण नोकरी करणार म्हणून कबूल केलंय. दुभाष्यामार्फत खुलासा झाला, त्यांना सोडलंही. पण ही गोष्ट त्यांनी मुलीलासुद्धा सांगितली नव्हती. ‘आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि एवढं कळू नये?’

प्रश्न कळला नव्हता हे खरंच. पण न कळता ‘यस’च का आलं? बाईंनीच सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे. ‘त्यांना कधी नाही म्हणायचं नसतं. कळलं नाही, असं तर मुळीच नाही.’ सगळी नोकरी त्या शिस्तीत गेली. समोर गणवेशातला माणूस दिसला की मान आपोआप हलायची. माझ्या मते भीतीचं मूळ इथे होतं, इंग्रजीत नव्हतं. अस्खलित इंग्रजी बोलणारे निवृत्त अधिकारीही त्या काउंटरवर नको तितकं बोलून घोळ घालतात, ते मी पाहिलंय.

एका माहितीने बाईंना बराच धीर आला. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४ (ब) सांगतं की पाहुणा म्हणून येणारा माणूस इथे कायमचा राहायलाच आलाय असं आधी धरायचं. तसं नाही, हे दाखवणं त्याचं काम. म्हणजे शंका घेणं त्या अधिकाऱ्याच्या नोकरीतच लिहिलेलं आहे. ‘मग ती तपासणीच झाली की,’ बाई म्हणाल्या. तपासणी त्यांना ओळखीची होती.

यानंतर आम्ही दोनच गोष्टी घटवल्या. एक, स्पष्ट ‘नो’. दुसरी, ‘आय डोन्ट अंडरस्टँड. मराठी ऑर हिंदी, प्लीज.’ मोठ्याने, मान न हलवता. पहिल्यांदा त्यांचा आवाजच फुटेना. बाकीच्या उत्तरांसाठी पाठांतर लागत नाही, ती त्यांच्या आयुष्यातलीच आहेत: मुलीकडे, इतके महिने, परतीचं तिकीट हे. मुलीचा पत्ता आणि फोन मात्र कागदावर लिहून घ्यायला लावला, कारण त्या रांगेत मोबाइल काढू देत नाहीत. मागचा मुक्काम जवळजवळ सहा महिन्यांचा होता. त्याची नोंद समोरच्या पडद्यावर दिसते, त्यामुळे पुन्हा का आलात हे विचारतील, हेही सांगून ठेवलं.

शेजारच्या काकांचा सल्ला होता, ‘बाळंतपणाचं नावच काढू नका, फिरायला आले म्हणा.’ याला मी ठाम विरोध केला. प्रवेश मिळवण्यासाठी खोटं सांगितल्याचं उघड झालं तर कायमची बंदी येऊ शकते, आणि बाईंना खोटं पचतही नाही. मुलीला बाळ होतंय, तिच्याकडे राहायला आले, यात लपवण्यासारखं काय आहे? खाण्याच्या पदार्थांचंही तसंच. डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी असेल तर ‘हो, आहे’ म्हणून जाहीर करायचं. ताजा कढीपत्ता मात्र घरीच ठेवायचा, तो चालतच नाही.

बाई गेल्या. पोचल्यावर त्यांचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. अधिकाऱ्याने मागच्या मुक्कामाबद्दल विचारलंच. पुढचा प्रश्न डोक्यावरून गेला तेव्हा बाईंनी ‘मराठी ऑर हिंदी, प्लीज’ म्हटलं. त्याने शेजारच्या काउंटरवरच्या हिंदी जाणणाऱ्या सहकाऱ्याला बोलावलं, तिकीट पाहिलं, बोटांचे ठसे घेतले आणि जा म्हणाला. किती दिवस दिलेत ते मुलीने घरी जाऊन ऑनलाइन आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या सरकारी नोंदीवर, पाहून घेतलं. हवाई प्रवाशांना त्याचा कागद २०१३पासून देत नाहीत. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत त्यावरच्या तारखेपर्यंतच.

विमानात रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. धडधडही होतीच, ‘पण मी तिला म्हटलं, तू धडधड, मी बोलते.’ मागच्या वेळच्या ‘यस’चं बाई मुलीला अजून बोललेल्या नाहीत. सांगायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील.