ट्रॅक्टरची तेलगळती, बॅटरी आणि आगीची भीती

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपमधून तेल पाझरते, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर चढतो. वैशाखाच्या उन्हात आग लागेल का? — एक शेतकरी, यावल (जि. जळगाव)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. पाझरलेल्या तेलावर धूळ, केळीच्या वाळलेल्या पानांचा चुरा, पऱ्हाटीची काडी चिकटते आणि हा राडा तापलेल्या सायलेन्सरजवळ साचला की पेट घेऊ शकतो. म्हणून इंजिन थंड झाल्यावर तो रोज पुसावा. गळती मात्र कधीही हाताने चाचपू नये. सुईएवढ्या छिद्रातून दाबाखाली सुटलेले तेल कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण शस्त्रक्रिया लांबली तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून गळती शोधावी आणि दाब उतरवूनच पाइप बदलावा.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के झाले तरी ठिणगीने भडका उडतो. त्यामुळे चार्जिंग उघड्यावर करावे, जवळ विडी पेटवू नये, वायर सोडवताना आधी ऋण टोक काढावे. टर्मिनलवरचा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, हातमोजे व चष्मा घालून धुवावा. आम्ल डोळ्यात गेल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धूत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

तेलाच्या आगीवर पाणी ओतू नये. ट्रॅक्टरवर कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे बसवून घ्यावे.